कोपरा कापलेला पासपोर्ट आणि चौदा हजारांचं 'व्हिसा ट्रान्सफर'

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. वय 71, मुक्काम सांगली जिल्हा, लेक न्यू जर्सीत. लेकीचं दुसरं बाळंतपण तोंडावर आलेलं आणि मावशी रडवेली. "अरे, त्यांनी माझा पासपोर्ट कापला रे. वर रद्दचा शिक्का मारलाय. आतला अमेरिकेचा व्हिसा 2029 पर्यंतचा आहे, तो गेला का?"

गेला नव्हता. पण तिला हे सांगणारं कुणी नव्हतं. उलट गल्लीतल्या एका एजंटाने सांगितलं, व्हिसा 'ट्रान्सफर' करावा लागतो, चौदा हजार होतील, दोन्ही पासपोर्ट दिल्लीला पाठवतो. शेजारच्या एका हुशार गृहस्थांनी त्याहून भारी उपाय सुचवला: जुन्या पासपोर्टातलं व्हिसाचं पान अलगद काढायचं आणि नव्यात पिन मारून लावायचं. फुकटात काम!

नशीब, मावशीने कात्री हातात घ्यायच्या आधी मला फोन केला. कारण तो व्हिसा जुन्या पासपोर्टातून काढला, की त्याच क्षणी बाद. अमेरिकेचं परराष्ट्र खातं हे अगदी स्पष्ट सांगतं. आणि हेही सांगतं, की व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तो फाटलेला-खराब झालेला नसेल, दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे आणि एकाच प्रकारचे असतील, तर दोन्ही सोबत घेऊन या. तिथला अधिकारी शिक्का नव्या पासपोर्टवर मारतो आणि शेजारी खूण करतो, की व्हिसा दुसऱ्या पासपोर्टात आहे. बस्स. अमेरिकेच्या व्हिसाचं 'ट्रान्सफर' नावाचं कामच अस्तित्वात नाही. जे काम नाही, त्याचे चौदा हजार!

आता थोडं थांबून हा घोळ मुळात का होतो ते बघू. आपला मोठ्या माणसांचा पासपोर्ट 10 वर्षांचा. अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसाही बहुतेकांना 10 वर्षांचा मिळतो. पण कुणी पासपोर्ट काढल्या दिवशीच व्हिसा घेत नाही. पासपोर्ट आधी, लेकीचं लग्न नंतर, व्हिसा त्याच्याही नंतर. म्हणजे पासपोर्ट आधी संपणार आणि व्हिसा उरणार, हे ठरलेलंच. सांगली-साताऱ्यापासून पुण्यापर्यंत ज्यांची पोरं तिकडे आहेत अशा प्रत्येक आईबापावर ही वेळ कधी ना कधी येते. नवा व्हिसा काढायचा तर फीच 185 डॉलर, आणि गेली काही वर्षं मुलाखतीच्या तारखेसाठी कसं ताटकळत बसावं लागलं ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. तोवर नातू चालायला लागतो.

माझी तक्रार कोपरा कापण्याबद्दल नाही. जुना पासपोर्ट रद्द करायलाच हवा, नाहीतर एका माणसाचे दोन चालू पासपोर्ट फिरतील. तक्रार ही आहे, की कापताना कुणी एक वाक्य बोलत नाही. पासपोर्ट रद्द झालाय, व्हिसा नाही. हा जपून ठेवा, प्रवासात दोन्ही न्या. एवढंच. मावशीला ना कुणी तोंडी सांगितलं, ना कागद दिला. 1500 रुपये फी घेता ना? मग त्यात मराठीत छापलेली चार ओळींची चिठ्ठी बसत नाही? नाहीतर एक रबरी शिक्का करा, 'यातील वैध व्हिसा कायम' असा, मराठीत, आणि तो व्हिसा असलेल्या प्रत्येक जुन्या पासपोर्टवर मारा. एजंटांची अर्धी दुकानं बंद होतील.

बरं, सरकारला हे जमत नाही असंही नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्याच लोकांसाठी जमलंय की! ओसीआय कार्डाचं आठवा. पूर्वी वयाच्या 20 वर्षांपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टबरोबर नवं कार्ड, पन्नाशीनंतर पुन्हा एकदा नवं कार्ड. अमेरिकेत 16 वर्षांखालच्या पोरांचा पासपोर्ट 5 वर्षांचाच, म्हणजे आजीकडे यायचं तर नातवाचं कार्ड सारखं बदलत राहायचं. वर जुना पासपोर्टही सोबत बाळगायचा. 2019 मध्ये कार्ड न बदलल्यामुळे लोकांना विमानतळावरून परत फिरावं लागल्याच्या बातम्या आल्या, बराच आरडाओरडा झाला आणि 2021 मध्ये नियम सोपा झाला. जुना पासपोर्ट बाळगायची अट गेली. नवं कार्ड फक्त एकदा, विशीनंतरच्या पहिल्या पासपोर्टच्या वेळी. बाकी वेळा नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो ऑनलाइन टाका, फी नाही. नातवाचा प्रश्न सुटला. इथल्या आजीचा राहिला.

प्रत्येक देशाची रीत वेगळी, हे खरंय. थायलंडमध्ये राहणाऱ्यांनी पासपोर्ट बदलला, तर तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात जाऊन व्हिसा आणि शेवटचा प्रवेशाचा शिक्का खरोखरच नव्या पासपोर्टवर उतरवून घ्यावा लागतो. म्हणजे 'ट्रान्सफर' हा शब्द अगदीच हवेतून आलेला नाही. एजंट तो नको तिथे विकतात, एवढंच. ऑस्ट्रेलियाने 2015 पासून, कुवेतने 2019 पासून, दुबई-अबुधाबीने 2022 पासून पासपोर्टात स्टिकर लावणं बंद केलं. ब्रिटनही आता ई-व्हिसावर गेलाय. लोकांना वाटतं, चला, कटकट गेली. गेली नाही! ब्रिटनचा किंवा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आता कॉम्प्युटरमध्ये पासपोर्टच्या नंबराला बांधलेला असतो. नंबर बदलला आणि तुम्ही खात्यात जाऊन कळवलं नाही, तर चेक-इन काउंटरवरच्या मुलीला स्क्रीनवर तुमचा व्हिसा दिसेलच असं नाही. दाखवायला हातात कागदही नसतो. पोरं ते मोबाइलवर दोन मिनिटांत करतील. मावशीच्या वयाच्या माणसाने कुणाकडे जायचं? परत त्याच एजंटाकडे.

एक गोष्ट मात्र आपल्या हातातली, आणि आपल्याकडे ही चूक फार होते. नूतनीकरणाच्या वेळी लोक नाव 'जरा नीट' करून घेतात. मधलं नवऱ्याचं नाव घालायचं, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' वाढवायचा, माहेरचं नाव काढायचं. व्हिसा जिवंत असताना हे करायचं असेल तर विचार करून करा. लग्नाने किंवा कायदेशीररीत्या नाव बदललं असेल, तर नवा व्हिसा काढावा असं खुद्द अमेरिकेचं परराष्ट्र खातं सुचवतं. म्हणजे एका 'ए'पायी 185 डॉलर आणि पुन्हा मुलाखतीची रांग. मावशीचं नाव जसंच्या तसं होतं, म्हणून निभावलं.

मावशीला मी एवढंच सांगितलं: दोन्ही पासपोर्ट एका रबरबँडमध्ये, हँडबॅगेत, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही. नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्याचा नंबर छापलेला आहे, कुणी विचारलं तर ते पान उघडून दाखव. मुंबईला काउंटरवर तिने दोन्ही पुढे केले, मुलीने चाळले, बोर्डिंग पास दिला. नेवार्कला अधिकाऱ्याने तिला एकच प्रश्न विचारला, किती दिवस राहणार. पासपोर्टबद्दल अक्षर नाही.

एजंटाला तिने जायच्या आधीच फोन करून 'नको' म्हणून सांगितलं होतं. तर तो म्हणाला, बघा हं, तिकडून परत पाठवलं तर माझ्याकडे येऊ नका. त्याच आठवड्यात तिच्याच भिशीतल्या एका बाईंनी त्याला पैसे भरलेत.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी पासपोर्ट नुकताच नवा झाला असेल, तर केंद्रात तुम्हाला हे कुणी सांगितलं का, आणि कुठल्या शहरात, ते खाली लिहा. शंभरेक अनुभव जमले की एकत्र करून मराठीत निवेदन तयार करतो आणि पासपोर्ट कार्यालयाला पाठवतो. मसुदा इथेच टाकेन.