आधी मोजणी, मग रॅली

मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका यांस,


मुलांनी शाळेत चालत किंवा सायकलवर यावे, याबद्दल दुमत नाही. शहराचा सायकल आराखडाही २०१७ पासून मंजूर आहे. पण असले उपक्रम रॅलीने सुरू होतात आणि रॅलीच्या फोटोंपाशीच संपतात. टोप्या किती वाटल्या ते कळते. पुढच्या एखाद्या साध्या मंगळवारी रिक्षाकाकांची वाट न पाहता किती मुले निघाली, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेत २००५ पासून केंद्राच्या पैशावर ‘सेफ रूट्स टू स्कूल’ हा असाच कार्यक्रम चालला. तिथली मोजणी अगदी सोपी आहे. मंगळवार ते गुरुवारच्या दरम्यान शिक्षक वर्गात विचारतात, आज कसे आलात आणि घरी कसे जाणार? मुले हात वर करतात. त्या दिवशीच्या हवामानाचीही नोंद होते. आपल्याकडे हे उपक्रमाआधी आणि नंतर, शिवाय उपक्रम नसलेल्या तशाच काही शाळांतही व्हायला हवे. नाहीतर पेट्रोल महागल्याचे श्रेयही उपक्रमच लाटेल. बिहारच्या २००६ च्या मुलींच्या सायकल योजनेचे यश पटते ते अशा तुलनेमुळेच. मुरलीधरन आणि प्रकाश या अभ्यासकांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून माध्यमिक वर्गांतली मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले.

अपघातांच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. मुलांनी चालणेच सोडले की अपघातही घटतात! शिवाय एका शाळेपुरते ते इतके थोडे असतात की वर्षभरातल्या चढउतारातून काहीच सिद्ध होत नाही. महापालिकेच्या शाळांत आजही पुष्कळ मुले चालतच येतात. तिथे टक्का वाढणार नाही. तो टिकला तरी यशच. त्या मुलांना चालण्याचे महत्त्व पटवायचे नाही, त्यांच्या वाटेतला विजेचा डीपी, टपरी आणि फूटपाथवर चढणारी दुचाकी हटवायची आहे.

पालक पाठवणार नाहीत, असे म्हटले जाईल. त्यांची भीती रास्त आहे, म्हणूनच शाळेभोवतालच्या अर्ध्या किलोमीटरातले चौक आधी नीट करा, प्रोत्साहन नंतर. शाळा लांब असतात हेही खरे. म्हणून अंतराप्रमाणे आकडे वेगळे काढा, सात किलोमीटरवरच्या मुलाला यात ओढू नका. शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, हा आक्षेप सर्वांत वजनदार. पण हजेरी घेताना दोन प्रश्न विचारायला पाच मिनिटे पुरतात. तक्ते भरण्याचे काम तेवढे क्षेत्रीय कार्यालयाने उचलावे.

पहिली मोजणी दिवाळीच्या सुट्टीआधी घ्या आणि शाळानिहाय आकडे, घटलेले असले तरी, जाहीर करा.

आपला,
एक पुणेकर