पोट साफ होत नाही, हा जोक नाही

विषय जरा वास मारणारा आहे, पण लिहितोच.

बद्धकोष्ठता म्हटलं की आपल्याकडे हसतात. ‘पिकू’ बघून हसलो, व्हॉट्सॲपवर जोक ढकलले, रात्री चमचाभर चूर्ण घेतलं की विषय संपला. कसला संपतोय! दिवसेंदिवस साचलेल्या मळाचा दगडासारखा गोळा होतो. तो आतड्याच्या भिंतीवर दाब देतो, तिथला रक्तपुरवठा तुटतो, जखम होते आणि कधी कधी आतडं फुटतं. घाण पोटभर पसरते. मग धावतपळत ऑपरेशन, आणि म्हातारं माणूस त्यातून उठेलच असं नाही.

त्यात एक फसगत आहे. अडकलेल्या गोळ्याच्या बाजूनं पातळ मळ झिरपत राहतो. घरच्यांना वाटतं जुलाब लागलेत, म्हणून मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणतात! अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना हा धोका जास्त. लोहाच्या गोळ्या, काही जोरकस वेदनाशामकं, मानसिक आजारावरची काही औषधं यांनीही मळ घट्ट होतो. गोळ्या हातात देताना हे किती जण सांगतात? (औषध मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

आता नगरपालिकेकडे येतो. 2014 पासून स्वच्छ भारतच्या पाट्या रंगवताय. पण पहाटे भाजी घेऊन बसलेल्या मावशीनं संध्याकाळपर्यंत जायचं कुठं? बाजारातल्या महिला शौचालयाला कुलूप. शाळेत दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही, म्हणून पोरी दिवसभर पाणीच पीत नाहीत. कळ रोज दाबून धरली की पुढं पुढं ती जाणवेनाशीच होते, मळ आत वाळत जातो. बांधकामाचं बिल बरोबर निघतं, पाण्याचं कनेक्शन तेवढं निघत नाही. उद्घाटनाच्या फोटोत दाटीवाटीनं उभे होते सगळे. किल्ली विचारली की एकमेकांकडे बोट.

आणि हो, पोट फुगून टम्म झालंय, वारा सरत नाही, उलट्या होतायत, जोरात दुखतंय, शौचातून रक्त जातंय, तर घरी एरंडेल पाजत बसू नका. लगेच दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

मुख्याधिकारी साहेब, दोनच प्रश्न. त्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे? शाळेच्या नळाला पाणी कुठल्या तारखेला येणार? उत्तर आलं की इथंच टाकतो. तोवर ज्यांच्या वॉर्डात अशी कुलपं आहेत त्यांनी कमेंटमध्ये फोटो टाका.