‘मिनी’ म्हणजे किती?

१९८३ सालची गोष्ट. मी तेव्हा तळकोकणातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत कर्जाचं टेबल सांभाळत होतो. गणपती दोन महिन्यांवर आले होते. एका वाडीतली पाच-सहा पोरं अर्ज घेऊन आली. त्यांना बेंजो पार्टी काढायची होती. एक बेंजो, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि ड्रम, एवढ्यासाठी कर्ज हवं होतं. मी चष्म्यावरून बघत विचारलं, “म्हणजे ऑर्केस्ट्रा का?” त्यातला थोरला लाजून म्हणाला, “नाय साहेब, ऑर्केस्ट्रा मोठो. आमचो आपलो बारकोच.”

त्या ‘बारकोच’वर माझं पेन थांबलं. अर्जावर मी शेरा मारला, ‘हौशी, अनुत्पादक’. पोरं मुकाट्यानं उठून गेली.

हा प्रसंग परवा आठवला तो हैतीच्या संगीताविषयी वाचताना. हैती हा कॅरिबियन समुद्रातला देश. गुलामांनी बंड करून १८०४ साली तो स्वतंत्र केला. तिथं १९६०नंतरच्या दशकात एक संगीतप्रकार लोकप्रिय झाला. त्याचं नाव ‘मिनी-जॅझ’. नाव वाचून मला वाटलं, जॅझचीच काहीतरी छोटी आवृत्ती असेल. पण या नावातला ‘जॅझ’ जॅझ नाही आणि ‘मिनी’ही संगीतातून आलेलं नाही.

आधी ‘जॅझ’चं बघू. १९१५ साली अमेरिकी फौजा हैतीत उतरल्या आणि १९३४पर्यंत तिथं राहिल्या. त्यांच्याबरोबर त्यांचं वाद्यवृंदाचं संगीत आलं आणि हा शब्दही आला. फौजा गेल्या, शब्द राहिला. पण हैतीच्या लोकांनी त्याचा अर्थ बदलून टाकला. तिथं ‘जॅझ’ म्हणजे वाद्यवृंद. तो काय वाजवतो याच्याशी शब्दाला कर्तव्य नाही. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत ‘बँड’ म्हटलं, की जशी लाल डगलेवाली मंडळी डोळ्यांपुढं येतात, तसंच हे. साहेब गेला, बँड राहिला आणि त्यावर वाजू लागली आपली गाणी.

हे जॅझ वाजवत होते ‘कोंपा’. १९५५च्या सुमारास नेमूर झाँ-बातिस्त या सॅक्सोफोनवादकानं हा नाचाचा ठेका रूढ केला. कोंपा हे नावही उसनंच. स्पॅनिश भाषेत ‘कोंपास’ म्हणजे ताल. नेमूर आणि त्याचा प्रतिस्पर्धी वेबर सिको यांचे ताफे मोठे होते. डझनभर वादक, पितळी वाद्यांची रांग, सगळ्यांना एकसारखे पोशाख. असा ताफा पोसायचा तर पदरी पैसा हवा.

आणि काळ वाईट होता. १९५७ साली फ्रान्स्वा दुव्हालिए अध्यक्ष झाला आणि १९६४मध्ये त्यानं स्वतःला तहहयात अध्यक्ष करून घेतलं. त्याच्या ‘तोंतों माकूत’ नावाच्या खाजगी फौजेची दहशत घराघरांत होती. डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर देश सोडून जात होते. अशा दिवसांत राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या आळीआळीतली शाळा-कॉलेजांतली पोरं एकत्र आली. दोन विजेच्या गिटार, एक बेस, ड्रम, कोंगा आणि जमलं तर एखादा सॅक्सोफोन, एवढ्यावर त्यांनी तोच कोंपा वाजवायला सुरुवात केली. १९६५ साली निघालेला ‘श्लू-श्लू’ हा त्यातला पहिल्या काही ताफ्यांपैकी एक.

त्याच सुमारास जगभर मिनी स्कर्टची हवा होती. गुडघ्यावर चढलेल्या त्या झग्यानं लंडनपासून पोर्ट-ओ-प्रिन्सपर्यंतच्या वडीलधाऱ्यांची झोप उडवली होती. झगा आखूड तो मिनी, तर ताफा आखूड तो मिनी-जॅझ! असं हे बारसं झालं.

पण झग्याला तरी ते नाव कुठून मिळालं? लंडनच्या मेरी क्वांट या बाईंनी ते ठेवलं, आपल्या आवडत्या ‘मिनी’ मोटारीवरून. ती मोटार १९५९ साली बाजारात आली, कारण १९५६च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली होती आणि थोड्या पेट्रोलवर पळणारी छोटी गाडी हवी होती. इजिप्तमधल्या एका कालव्यावरून भांडण झालं आणि त्याच्या पोटी जन्मलेला शब्द दहा वर्षांत हैतीतल्या पोरांच्या ताफ्याला जाऊन चिकटला. या शब्दानं आपल्यालाही सोडलेलं नाही. आपण मिनी बसनं फिरलो आणि जिल्हा परिषदेला ‘मिनी मंत्रालय’ म्हणू लागलो.

नावातला हा ‘मिनी’ फार काळ लहान राहिला नाही. १९७०नंतरच्या दशकात मोठे ताफे मागं पडले आणि या पोरांचं राज्य आलं. पेत्याँ-व्हिल या उपनगरातला ‘ताबू कॉम्बो’ पुढं न्यूयॉर्कला गेला आणि १९७५ साली त्याचं ‘न्यूयॉर्क सिटी’ हे गाणं थेट फ्रान्समध्ये गाजलं. परदेशी विखुरलेल्या हैतीच्या माणसांना गाव आठवून नाचायला याच पोरांनी दिलं.

आता पुन्हा आमच्या बेंजोकडे येतो. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते पट्ट्या दाबून वाजवायचं वाद्य म्हणजे खरं तर बुलबुलतरंग, मूळ जपानी तायशोगोतोच्या वंशातलं. बेंजो हे नाव मात्र आफ्रिकेतून अटलांटिकपार नेलेल्या गुलामांच्या तंतुवाद्याचं. व्हिक्टर शोल्शेर या गुलामगिरीविरोधी फ्रेंच गृहस्थानं १८४१ साली हैतीतून नेलेलं भोपळ्याचं ‘बांझा’ आजही पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे. हे त्याच नावाचं जुनं रूप. म्हणजे त्या पोरांच्या अर्जात हैतीचं काहीतरी होतंच, फक्त माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला ते ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांनी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत तीच पार्टी मला दिसली. सगळा बाजार त्यांच्या मागं नाचत होता. थोरल्यानं मला ओळखलं, हसून हात केला. मी जवळ जाऊन विचारलं, “पैसे कुठून उभे केलेस रे?”

“आवशीच्यो पाटल्यो गहाण ठेवल्यो,” तो म्हणाला आणि पुढच्या गाण्याकडे वळला.

हिशेब आयुष्यभर केले, पण त्या शेऱ्यातली चूक दुरुस्त करायला मला रकाना सापडलेला नाही. त्या पोरानं ‘बारको’ म्हटलं ते नम्रतेनं. मी ते किंमत म्हणून लिहून घेतलं.