गाणी जागेवर, मेहनत गायब! डीजेंच्या लायब्ररीतला डेटा का हरवतो?

हळदीचा कार्यक्रम रंगात आलेला असतो. नवरीच्या मैत्रिणींनी फर्माईश केलेले गाणे डीजे लॅपटॉपवर शोधतो. नाव दिसते, पण शेजारी उद्गारचिन्ह. खालच्या दहा-वीस गाण्यांचीही तीच गत. गाणी तर हार्ड डिस्कवर आहेत. आदल्या रात्रीच त्याने ती वेगवेगळ्या फोल्डरमध्ये नीट लावली होती. घोळ नेमका त्या आवराआवरीनेच केलेला असतो.

रेकॉर्डबॉक्स, सेराटो, ट्रॅक्टर, व्हर्च्युअलडीजे यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर घ्या. लायब्ररीत गाणे ‘टाकले’ म्हणजे ते तिथे साठवले गेले, हा समज चुकीचा आहे. सॉफ्टवेअर फक्त पत्ता लिहून ठेवते: कोणता ड्राइव्ह, कोणते फोल्डर, फाइलचे नाव काय. यातले काहीही बदलले की सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यावर जाऊन रिकाम्या हाताने परतते.

पत्ता बदलायला फार काही लागत नाही. विंडोजवर काल ‘ई’ असलेला बाहेरचा ड्राइव्ह आज दुसरा पेनड्राइव्ह आधी लावल्यामुळे ‘एफ’ होऊ शकतो आणि त्यावरची सगळी गाणी एकदम बेपत्ता दिसतात. मॅकवर आयक्लाउडची जागा वाचवण्याची सोय चालू असेल, तर डेस्कटॉपवरच्या फाइल लॅपटॉपवरून निघून फक्त क्लाउडवर राहू शकतात. लग्नाच्या हॉलमध्ये नेट नसले की संपलेच. आपल्याकडे यात आणखी एका सवयीची भर आहे. मित्राने पाठवलेले रीमिक्स डाउनलोड्समध्ये उतरते, तिथूनच सॉफ्टवेअरमध्ये ओढले जाते आणि महिन्याभराने लॅपटॉप भरला म्हणून डाउनलोड्स साफ केले जाते.

हरवते ते गाणे नव्हे

गाणे पुन्हा मिळते. मिळत नाही ती त्यावर केलेली मेहनत: ढोल कुठे सुरू होतो तिथला क्यू पॉइंट, हाताने सरळ केलेली बीटग्रिड, लूप, कोणत्या गाण्यानंतर काय लावायचे याच्या प्लेलिस्ट. एका गाण्याला पाच मिनिटे धरली, तरी दोन हजार गाण्यांमागे दीडशेहून अधिक तास गेलेले असतात. स्पीकरचा विमा, जनरेटरची सोय यांचा विचार करणारा व्यावसायिक या तासांना मात्र फुकटचे समजतो.

ही मेहनत कुठे साठते, हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळे आहे आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. रेकॉर्डबॉक्स क्यू पॉइंट स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवते. सेराटो ते गाण्याच्या फाइलमधल्या टॅगमध्येही लिहिते, मात्र क्रेट वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. ट्रॅक्टरची सगळी नोंद ‘कलेक्शन’ नावाच्या एका फाइलमध्ये असते. त्यामुळे ‘गाणी दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी केली आहेत, काळजी नाही’ असे म्हणणाऱ्या रेकॉर्डबॉक्स वापरणाऱ्याकडे प्रत्यक्षात अर्धाच बॅकअप असतो, तोही स्वस्तातला अर्धा.

गाणी बेपत्ता दिसल्यावर घाबरून होणारी चूक तर याहून महागात पडते. नोंदी डिलीट करून गाणी नव्याने ओढली की सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती नवीच गाणी ठरतात. रेकॉर्डबॉक्समध्ये त्यांचे क्यू जातात, प्लेलिस्टमधली जागाही जाते. खरा उपाय ‘रिलोकेट’ हा आहे. जुनी नोंद तशीच ठेवून तिला नवा पत्ता दाखवायचा. रेकॉर्डबॉक्समध्ये बेपत्ता फाइलची यादी उघडून, तर सेराटोमध्ये फाइल्स पॅनेलमधून हे करता येते. फक्त आपोआप शोधायला सांगितल्यावर निकाल तपासावा. ‘ट्रॅक ०१’ नावाच्या तीन फाइल असतील तर भलतीच जोडली जाण्याची शक्यता असते. ड्राइव्हचे अक्षर बदलले असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुने अक्षर परत द्यावे. एकही गाणे न हलवता सगळी परत दिसू लागतात.

दोष सगळा डीजेंचा नाही. ट्रॅक्टर कलेक्शनच्या प्रती आपोआप ठेवते, सेराटो बंद करताना बॅकअपचे विचारते. रेकॉर्डबॉक्समध्ये पूर्ण लायब्ररीचा बॅकअप मात्र मेन्यूत जाऊन घ्यावा लागतो. पोट ज्यावर चालते त्या डेटाची सुरक्षा मेन्यूत लपवणे योग्य नाही. शिवाय फटका बाहेरूनही बसतो. ॲपलने २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनात आयट्यून्सऐवजी म्युझिक ॲप आणले, तेव्हा अनेक डीजे सॉफ्टवेअर ज्या एक्सएमएल फाइलवरून प्लेलिस्ट वाचत होती, ती आपोआप बनणेच थांबले. घाईने अपडेट केलेल्यांच्या प्लेलिस्ट दिसेनाशा झाल्या.

म्हणून लग्नसराई किंवा गणपतीच्या तोंडावर अपडेट नको. नवे गाणे आधी कायमच्या फोल्डरमध्ये ठेवावे, नाव तिथेच नीट करावे आणि मगच सॉफ्टवेअरमध्ये ओढावे. सीझन सुरू होण्याआधी गाणी आणि डेटाबेस दोन्ही दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यावेत आणि तो ड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता घरी ठेवावा. बॅग चोरीला गेली तर दोन्ही एकदमच जातात.