कर्तृत्वाचे दावे आणि मतदाराचा विवेक

निवडणूक जवळ आली की उमेदवार आपल्या मागील कार्यकाळातील कामांची यादी घेऊन मतदारांच्या दारी येतात. केलेल्या कामाचा हिशेब देणे हे लोकप्रतिनिधीचे कर्तव्यच आहे. मात्र हिशेब कोठे संपतो आणि बढाई कोठे सुरू होते, हे मतदारानेच ओळखायचे असते.

या दृष्टीने म्हैसूर संस्थानाचा इतिहास बोधप्रद आहे. शिवनसमुद्र येथील जलविद्युत प्रकल्प दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात आकारास आला. १९०१ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी निधन पावले. कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळाली ती १९०२ मध्ये. त्या वेळच्या दिवाणांनी 'माझ्या कारकिर्दीत वीज आली' असे म्हटले असते, तर ते विधान खोटे ठरले नसते. परंतु पूर्ण सत्यही ठरले नसते. कृष्णराजसागर धरणाचेही तसेच आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुख्य अभियंता असताना, १९११ मध्ये त्याचे काम सुरू झाले. पुढे ते दिवाण झाले आणि १९१८ मध्ये पायउतारही झाले. धरण पूर्ण व्हायला मात्र १९३० नंतरचा काळ उजाडला. या कामामागे महाराज कृष्णराज वडियार यांचा पाठिंबा, नंतरच्या दिवाणांचे सातत्य आणि हजारो मजुरांचे श्रमही होते. म्हणून विश्वेश्वरय्यांचे श्रेय कमी होत नाही. श्रेय वाटले जाते, एवढेच.

तेव्हा उमेदवाराचा दावा ऐकताना काही प्रश्न विचारावेत. काम कोणी सुरू केले आणि कोणी पूर्ण केले? निर्णय खरोखर त्याच्या अधिकारात होता काय? तो नसता तर ते झालेच नसते काय? त्या कामाचा लाभ कोणाला झाला आणि झळ कोणाला बसली? आणि यादीत जे नाही, त्याचे काय?

म्हैसूरमध्ये १८८१ साली प्रतिनिधी सभा स्थापन झाली. दिवाण तिच्यापुढे वर्षभराच्या कारभाराचा वृत्तांत मांडत. त्या सभेच्या हाती सत्ता नव्हती. आज मतदाराच्या हाती मत आहे, शिवाय २००५ चा माहितीचा अधिकारही आहे. 'सगळेच खोटे बोलतात' असे म्हणून पाठ फिरवणे सोपे असते. पण त्यामुळे खरे काम करणाऱ्यावरही अन्याय होतो. दावा पारखून घेणे हाच प्रामाणिक कार्यकर्त्याचा खरा सन्मान होय.