दप्तरी लागलेली पायवाट

आमची गोव्याची माणसे इंग्लंडला जातात आणि लंडन पाहून परततात. राजवाडा, थेम्सवरचा पूल, फार तर ऑक्सफर्ड. आल्यावर तिथल्या स्वच्छतेवर आणि शिस्तीवर एक व्याख्यान देतात. ते ऐकून ऐकून मला तरी कंटाळा आला आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात मीही तीन आठवडे जाऊन आलो. (सरकारी नोकराला परदेशी जायला जो ना-हरकत दाखला लागतो, तो मिळवण्यात व्हिसापेक्षा जास्त दिवस गेले, पण ती कथा वेगळी.) तिथे पाहण्यासारखे काय, असे हल्ली मला कुणी विचारले तर मी सांगतो, एखादे खेडे निवडा आणि त्याच्याभोवती चाला. झाडेपेडे पाहाच, पण पायाखालची वाट अधिक लक्षपूर्वक पाहा.

मी निवडले ते खेडे एव्हबरी. निवडण्याचे कारण साधेच. माझा मावसभाऊ स्विंडनला राहतो आणि स्विंडनहून ४९ नंबरची बस अर्ध्या-पाऊण तासात एव्हबरीला सोडते. स्विंडन म्हणजे गोंयकारांचे विलायतेतले बार्देश-साष्टीच म्हणा. पोर्तुगीज पासपोर्टावर गेलेले आमचे कितीतरी लोक तिथल्या गोदामांतून राबतात. भाऊ त्यांतलाच. त्याला म्हटले, चल रे, दोघे मिळून चालून येऊ. तर म्हणतो, "दादा, हांव दिसाक धा मैल गोदामांतूच चलतां. सुटयेच्या दिसा आनीक चलपाचें?" यावर मी काय बोलणार? एकटाच गेलो.

एव्हबरी हे गाव प्रचंड उभ्या दगडांच्या वर्तुळात वसलेले आहे. वर्तुळ साडेचार हजार वर्षांपूर्वीचे, जगातले सर्वांत मोठे. मधून मोटारींचा रस्ता जातो, आत दारूचा गुत्ता आहे, मेंढ्या दगडांना पाठ घासत असतात. गावकऱ्यांनी मध्ययुगात यांतले बरेच दगड पाडून पुरले आणि पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत आगीने तापवून फोडून घरांना वापरले. मार्मालेडच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या घराण्यातला अलेक्झांडर किलर याने १९३०च्या दशकात गावातली बरीच जमीन विकत घेतली, पुरलेले दगड पुन्हा उभे केले आणि १९४३ साली जागा नॅशनल ट्रस्टला विकली. दगडांना हात लावायला आजही तिकीट नाही.

गावाबाहेर पडले की एका ओहळाच्या काठाने वाट दक्षिणेला जाते. ओहळाचे नाव विंटरबोर्न, म्हणजे हिवाळ्यात वाहणारा. आमचे व्हाळ पावसाळ्यात फुगतात, हा थंडीत भरतो आणि उन्हाळ्यात पुष्कळदा आटतो, कारण सारी जमीन खडूच्या दगडाची, पाणी आत मुरून सावकाश वर येते. मी गेलो तेव्हा टाचभर पाणी होते. उजवीकडे सिल्बरी हिल दिसू लागते. टेकडी म्हणावी तर ती माणसांनी उभारलेली, सुमारे ४० मीटर उंच, इसवी सनापूर्वी २४००च्या आसपासची. कशासाठी उभारली ते कुणालाच कळलेले नाही. आत पुरलेला राजा सापडलेला नाही. वर चढायला बंदी आहे, आणि ती बंदी योग्यच आहे.

मोठा हमरस्ता ओलांडून थोडा चढ चढले की वेस्ट केनेटचे थडगे. साडेपाच हजार वर्षांहून जुने, शंभर मीटर लांब, मातीचे. आत दगडी खोल्या आहेत, वाकून शिरावे लागते. इथे छत्तीसेक माणसांची हाडे मिळाली होती. ना पहारेकरी, ना वहीत सही. बाहेर आल्यावर चंडोल इतक्या उंचावरून गात होता, की डोळ्यांवर हात धरूनही दिसेना.

इथवर सगळे पर्यटकांचे. खरी मौज पुढे ईस्ट केनेटकडे वळल्यावर सुरू झाली. वाट सरळ एका शेतात शिरली. गुडघाभर हिरवे पीक आणि मधून भांग पाडल्यासारखी मीटरभर रुंदीची पट्टी. कडेच्या खांबावर पिवळा बाण. फाटक झुलते, एका वेळी एकच माणूस पलीकडे जाईल असे; आमच्याकडे गुरे येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तोंडाशी आडवे वासे सरकवतात, त्याचाच हा सुधारलेला भाऊ. मी फाटकाशी थबकलो. शेत कुणाचे ठाऊक नाही, वर्ण माझा असा, आणि अंगात वीसेक वर्षांची कारकुनी! परवानगी कुणाकडे मागायची हे शोधत उभा राहिलो. इतक्यात मागून काठी टेकत एक म्हातारे जोडपे आले, "मॉर्निंग" म्हणाले आणि मला वळसा घालून पिकातून निघून गेले. शेतमालकाची त्यांना आठवणसुद्धा झाली नसावी.

आता या पिवळ्या बाणाचा अर्थ सांगतो, कारण माझ्या मते त्या देशातली सगळ्यांत पाहण्यासारखी वस्तू तीच. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांची सार्वजनिक वाट. निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते. जमीन खाजगीच असते, मालक तिच्यात हवे ते पेरतो, पण तेवढ्या पट्टीवरून जाण्याचा हक्क कुणाचाही. शेतावरून गेलेली वाट नांगरली, तर पहिल्या नांगरणीनंतर १४ दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, पीक तिच्यावर वाढू द्यायचे नाही, असा कायदा आहे. न दिल्यास विचारणे कौन्सिलचे काम. वाटसरूने वकील करायचा नसतो. इंग्लंड-वेल्समध्ये अशा वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात.

या वाटा टिकल्या त्या एका नकाशामुळे. १९४९च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला सार्वजनिक वाटांचा नकाशा करायला लावले. वाट त्या नकाशावर चढली की तिचा हक्क सिद्ध झाला, कोर्टात वेगळा पुरावा नको. आणि नकाशा केला कुणी? पन्नासच्या दशकात गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी, म्हणजे आमच्या पंचायतींच्या चुलत बहिणींनी. गावातली माणसे वाटा चालून पाहत आणि छापील तक्त्यावर लिहीत: वाट कुठून कुठे जाते, फाटके किती, पूल कुठे, लोक कधीपासून चालतात. मला हे वाचून हेवा वाटला. माझ्यासारख्याच कुणा कारकुनाने भरलेला रकाना, आणि सत्तर वर्षांनी गोव्याहून आलेला परका माणूस त्याच्या जोरावर पिकातून चालतो! दप्तराला नावे ठेवणाऱ्यांनी हा एक तरी दाखला लक्षात ठेवावा.

हे सारे साहेबाच्या औदार्यातून आले असे मात्र कुणी समजू नये. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तिथल्या गावांच्या सामायिक जमिनी पार्लमेंटच्या कायद्यांनी कुंपणात गेल्या, पुष्कळ वाटाही गेल्या. २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशरमधल्या किंडर स्काउटच्या माळावर शेकडो तरुण कामगार जाणूनबुजून घुसले, तेव्हा पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन तेव्हा अवघा २० वर्षांचा. १९४९चा कायदा यायला त्यानंतर सतरा वर्षे गेली.

आणि अजूनही सगळे आलबेल नाही. वाट सोडून मोकळेपणी भटकता येईल अशी जमीन इंग्लंडात जेमतेम आठ टक्के. नकाशावर चढायच्या राहून गेलेल्या जुन्या वाटा तर ढीगभर. २०२० साली पदयात्रींच्या संघटनेने स्वयंसेवकांकरवी जुने नकाशे तपासले तेव्हा ४९,००० मैलांहून अधिक निघाल्या. २००० सालच्या कायद्याने त्यांच्या नोंदणीला २०२६ची मुदत घातली होती; २०२३ साली ती २०३१ केली, आणि २०२४च्या डिसेंबरात सरकारने ती मुळातच काढून टाकू असे जाहीर केले. म्हणजे तिथेही फायलीच्या मागे लागावे लागतेच. शिवाय माझ्या भावाचे म्हणणे उरतेच. दिवसभर चालून दमलेल्याला हक्क असून काय उपयोग? मी त्या दिवशी चार तासांत पन्नासेक माणसे पाहिली. बहुतेक गोरी, बहुतेक निवृत्त, निम्म्यांबरोबर कुत्रे. सोप्या वाटेवर यायलाही फुरसत लागते आणि ही जागा आपल्यासाठी आहे अशी खात्री लागते. ती खात्री नकाशा देत नाही.

ओव्हरटन हिलवर रिजवे नावाची १३९ किलोमीटरांची वाट सुरू होते, तिला नमस्कार करून मी दगडांच्या दुहेरी रांगेतून एव्हबरीला परतलो. सारा फेरा नऊ-दहा किलोमीटरांचा. बुटांना पांढरी माती, बाकी काही त्रास नाही.

आमच्याकडच्या वाटांविषयी थोडे बोलतो. आमच्या वाड्यावरून नदीकडे उतरणारी वाट बाहेरच्या एका खरेदीदाराने लोखंडी फाटक लावून बंद केली, त्याला आता काही वर्षे झाली. बायका कपडे धुवायला, पोरे पोहायला त्याच वाटेने जात. कायदा आमच्याकडे नाही असे नव्हे. वहिवाटीची वाट अडवली तर मामलतदाराच्या कोर्टात दाद मागण्याची सोय १९६६च्या कायद्यात आहे. पण दाद मागायची ती चालणाऱ्याने, स्वतःच्या खर्चाने, वाट बंद झाल्यावर. एक-चौदाच्या उताऱ्यात 'इतर हक्क' असा रकाना असतो. मी नोकरीत जेवढे उतारे हाताळले, त्यांत तो बहुधा कोराच पाहिला.

आमच्या गावात सत्तरी ओलांडलेली आठ-दहा माणसे अजून आहेत. कोणती वाट कुठल्या भाटातून, कुठल्या गडग्याला वळसा घालून मळ्यात उतरते ते त्यांना तोंडपाठ आहे. येत्या ग्रामसभेत मी एवढाच ठराव मांडणार आहे, की त्यांना बरोबर घेऊन वाटा चालाव्यात आणि सर्व्हे नंबर टाकून लिहून काढाव्यात. तक्ता मी आखून ठेवला आहे. रकाने सात.