विझवलेला दिवा, न मिटलेला बिघाड

'भारत स्टेज सहा' ही उत्सर्जन मानके देशभर १ एप्रिल २०२० रोजी लागू झाली. त्या काळात रस्त्यावर आलेल्या मालट्रकांची हमीची मुदत आता उलटून गेली आहे आणि दुरुस्तीचा सारा भार मालकाच्या खिशावर येऊन पडला आहे. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून तो विझवला जातो, एखादा सेन्सर बदलला जातो आणि चार-दोन खेपांनंतर तोच दिवा पुन्हा पेटतो. देशातील बहुसंख्य ट्रक पाचपेक्षा कमी गाड्या बाळगणाऱ्या छोट्या मालकांचे आहेत. गाडी उभी राहिली की त्यांचे भाडे बुडते. चालकाचा पगार, विमा आणि कर मात्र थांबत नाहीत.

या दिव्यामागचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. नव्या मानकांनी अवजड डिझेल इंजिनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा प्रति किलोवॉट-तास ३.५ ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आणली. ती गाठण्यासाठी धुरावर युरियाच्या ३२.५ टक्के द्रावणाची फवारणी केली जाते, तर काजळी वेगळ्या गाळणीत अडवून जाळली जाते. द्रावण निकृष्ट असेल तर नळीत स्फटिक साचतात. गाडी सतत कमी अंतर कापत असेल किंवा तासन् तास इंजिन सुरू ठेवून उभी राहत असेल, तर धूर पुरेसा तापत नाही आणि गाळणी तुंबते. जुन्या गाडीत वायरिंगचे जोड गंजलेले असतात, ते निराळेच. संगणक यांपैकी नेमके कारण सांगत नाही. तो लक्षण सांगतो. 'शुद्धीकरण अपुरे' असा एकच संकेत भेसळयुक्त द्रावण, बिघडलेला सेन्सर, अडकलेला फवारा किंवा सायलेन्सरची गळती यांपैकी कशाहीमुळे मिळू शकतो. कारण न शोधता सुटे भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि दिवा मात्र कायम राहतो.

इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास यंत्रणा इंजिनाची शक्ती कमी करते. घाटात माल भरलेल्या गाडीची शक्ती अशी उतरली तर प्रश्न केवळ पैशाचा उरत नाही. अमेरिकेतही या तरतुदीवरून ट्रकचालक आणि शेतकरी यांच्यात मोठा असंतोष होता. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये शक्ती एकाएकी घटू नये यासाठी सॉफ्टवेअर बदलण्याचे आवाहन उत्पादकांना केले. प्रदूषणाची मर्यादा जपूनही चालकाला पुरेशी सवड देता येते, हा त्याचा अर्थ.

आपल्याकडे मात्र त्रासलेला मालक वेगळ्याच वाटेला लागतो. युरियाची यंत्रणाच निकामी करून संगणकाला खोटा संकेत देणारे उपकरण बसवले जाते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. तरीही हा प्रकार पकडला जाणे अवघड, कारण डिझेल वाहनाच्या पीयूसी चाचणीत धुराची घनता मोजली जाते, नायट्रोजन ऑक्साइड नव्हे. दिवा बंद, प्रमाणपत्र हाती आणि विषारी वायू हवेत, अशी ही तडजोड आहे. तिची किंमत महामार्गालगतच्या शहरांतील नागरिक आपल्या फुप्फुसांनी चुकवतात.

या दुष्टचक्राच्या मुळाशी माहितीची कोंडी आहे. सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार उत्पादकांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे ते प्रकरण अपिलात गेले. तो वाद मोटारींचा असला तरी त्यातील तत्त्व ट्रकलाही लागू पडते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, तेव्हा तिच्या कक्षेत वाहन क्षेत्राचाही समावेश होता. परंतु महामार्गावरच्या मिस्त्रीच्या हाती अधिकृत निदानसाधन आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण पोहोचल्याखेरीज हा हक्क कागदावरच राहणार.

जुनी गाडी मोडीत काढा, हा सल्ला सोपा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. २०२२ पासून पंधरा वर्षांवरील वाहनांच्या 'पासिंग'चे शुल्क भरमसाट वाढले. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नवी गाडी काहीशी आवाक्यात आली. तथापि, सहा-सात वर्षांची गाडी ही भंगार नव्हे. तिचे निम्म्याहून अधिक आयुष्य शिल्लक असते आणि ती विकत घेणारा बहुधा पहिल्या मालकापेक्षाही छोटा व्यावसायिक असतो. दिव्याचे दुखणे गाडीबरोबर त्याच्याकडे जाते.

उपाय दोन्ही बाजूंनी हवेत. मालकाने प्रत्येक बिघाडाचा संकेत-क्रमांक आणि त्यावर झालेले काम नोंदवून ठेवावे, द्रावण खात्रीच्या पंपावरूनच घ्यावे आणि भाग बदलण्यापूर्वी वायरिंग व गळती तपासून घ्यावी. शासनाने पीयूसी तपासणीच्या वेळी गाडीच्या संगणकातील नोंदी वाचण्याची सक्ती करावी आणि त्याच वेळी त्या नोंदींचा अर्थ स्वतंत्र मिस्त्रीलाही खुला करावा. यांतील पहिली गोष्ट केली आणि दुसरी टाळली, तर फसवणुकीची उपकरणे आणखी महाग होतील, इतकेच.